आकडा चालू असताना

“छान आहे गं,” ताई म्हणाली, “पण कुणाचं दुकान आहे हे?”

एवढंच. स्टुलावर बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात, डॉक्टरकडे आपला नंबर कधी येतोय म्हणून बसतात तशी. मी म्हटलं, “अण्णांचं, ताई. आपलं दुकान. आपलं!” तर तिनं मान डोलावली आणि म्हणाली, “हो का? बरं.” आता ह्या ‘बरं’चं काय करायचं माणसानं? सत्तावीस वर्षं मी ही खोली गावोगाव, देशोदेशी फिरवली. ज्यांच्या बापांनी जन्मात विजेची मोटार उघडली नाही, भिंतीत खिळासुद्धा ठोकला नाही, ती माणसं ह्या काळोख्या खोलीत बसून ढसाढसा रडलीत. एका गृहस्थांना तर दोघांनी धरून बाहेर आणावं लागलं होतं. आणि जिनं त्या दुकानात अठरा वर्षं काढली, ती माझी सख्खी बहीण विचारते, कुणाचं आहे हे. बरं, टोमणा म्हणावा तर टोमणे मारणं ताईच्या रक्तात नाही. ते खातं माझ्याकडे. ती खरोखर विचारत होती, आणि उत्तर मिळाल्यावर तिनं ते खरोखर मानून घेतलं, पाहुण्यांनी सांगितलेला पत्ता मानून घ्यावा तसं. मग उठली, पदर नीट केला, “दमलीस गं तू, खात जा काहीतरी,” म्हणाली आणि बाहेर उजेडात गेली. मी तिथंच उभी. वरच्या कोपऱ्यातला पंखा वास सोडत होता, भिंतीतून दांड्याची करकर आणि हातोडीची टकटक येत होती.

माझा धंदा वासांचा आणि आवाजांचा. नातेवाइकांना हे आजतागायत कळलेलं नाही. एका लग्नात मामींनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, “म्हणजे अत्तरं विकतेस का गं?” मी हो म्हणून टाकलं होतं. खरं तर मी खोल्या करते. हॉस्पिटलात बाहेर थांबलेल्यांची खोली, शाळेचा सुट्टीतला व्हरांडा, बंद पडलेली लिफ्ट. आत बघायला काहीही नसतं. अंधार, एक स्टूल, वास आणि आवाज. त्यातली पहिली खोली म्हणजे ‘दुकान, सकाळी’. हिच्यावर माझं नाव झालं. उद्या संध्याकाळी शहरातल्या मोठ्या संग्रहालयात माझ्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन उघडतंय, आणि ही पहिली खोली ते कायमची ठेवून घेणार आहेत. कायमची म्हणजे माझ्यामागेही. त्यासाठी एक कागद आहे. प्रदर्शन मांडणाऱ्या बाई तो आठवडाभर माझ्यामागे घेऊन फिरताहेत. ‘मी, ह्या कलाकृतीची एकमेव निर्माती, प्रमाणित करते की सोबतची कृती अस्सल असून माझ्या पश्चात वास आणि आवाज याच कृतीनुसार तयार करावेत.’ खाली सहीची रेघ. त्या गोड बोलतात, पण पेन उघडूनच बोलतात. मी आज सकाळी त्यांना म्हटलं होतं, आधी माझी बहीण बघून जाऊ दे, मग लगेच करते सही. का म्हटलं असेन? ताईनं आजवर माझं एकही काम पाहिलेलं नव्हतं. मी बोलावलं नव्हतं म्हणा, किंवा तिनं विचारलं नव्हतं म्हणा. तिनं बघावं आणि डोळ्यांना पदर लावावा, आणि मग मी सही करावी, असं काहीतरी नाटक मनात रंगवून ठेवलं असणार. कसचा पदर आणि कसचं काय.

बाईंना “दुपारी येते” सांगून मी ताईच्या मागोमाग तिच्या घरी गेले. वाटेत अण्णांना आठवायचा प्रयत्न केला. हे वाक्य लिहितानासुद्धा विचित्र वाटतं, कारण अण्णांना आठवणं हाच तर माझा पोटापाण्याचा उद्योग. अण्णा जळालेल्या मोटारी पुन्हा भरून द्यायचे. पंख्यांच्या, पंपांच्या, मिक्सरच्या. आतली जळकी तार उपसून काढायची, मशीनचा दांडा फिरवून नवी गुंडाळायची, वार्निश ओतायचं, मोठे दिवे लावलेल्या पत्र्याच्या पेटीत भाजून वाळवायचं. कुणी मोटार आणून ठेवली की अण्णा आधी तिला हुंगायचे. नाक अगदी जवळ नेऊन, डोळे मिटून. “जळाली,” म्हणायचे, किंवा “नाही, नुसती तापलीय.” आणि चालू असेल तर हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, टोक मोटारीवर आणि लाकडी मूठ कानाला. डॉक्टर परवडला एवढ्या गंभीरपणे ऐकायचे. मग तो माझ्या कानाला लावायचे. “ऐक, नकटे. बेअरिंग रडतंय.” नकटी म्हणजे मी. जिच्या नाकाचं पेपरात कौतुक छापून येतं तिचं घरातलं नाव नकटी! मी हे सगळ्या मुलाखतींत सांगितलंय, लोक हसतात, आणि मग मी आवाज खाली आणून म्हणते, “माझ्या वडिलांनी मला नाक दिलं आणि कान दिले.” इतक्यांदा म्हटलंय की आता ते वाक्य तोंडात येतं तेव्हा त्याला चवच लागत नाही. रस्त्यानं जाताना मी डोळे मिटून अण्णांना हुंगलं, आणि वास आला. व्यवस्थित आला. वार्निश, जळकी तार, रॉकेल, ग्रीस, आणि शेवटी हात धुतल्याचा साबण. पण तो आला तो वरच्या कोपऱ्यातल्या पंख्यातून यावा तसा, ठरल्या वेळी, ठरल्या क्रमानं. मी दचकून डोळे उघडले. समोर सिग्नल हिरवा झाला होता आणि मागचा माणूस माझ्यावर खेकसत होता.

ताईच्या घरात कपडे धुवायचं मशीन घुरघुरत होतं आणि ताई त्याच्यासमोर वाकून उभी होती. कानाला तोच हातभर स्क्रूड्रायव्हर. अण्णांचा. मला वाटत होतं तो कधीच हरवला. तिनं माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं, थांब म्हणून. मी दारातच थांबले. मग तिनं मशीन बंद केलं. “बेअरिंग गेलंय. तो दुरुस्तीवाला म्हणतो नवीन घ्या. त्याला काय, विकायचंच आहे.” आणि स्क्रूड्रायव्हर चमच्यांच्या खणात टाकून दिला. मी तो लगेच काढला आणि मूठ हुंगली. तिखट, हळद, भांडी घासायची पावडर. ताई बघत राहिली. “अगं बाई, भाजी फोडणीला टाकू दे, मग तीही हुंग.” मी हसले नाही. म्हटलं, “ताई, खरं सांग. त्या खोलीत काय चुकलंय?” ती म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं. एवढी मोठी माणसं छान म्हणतात ते काय उगीच?” मी म्हटलं, “मोठ्या माणसांना खड्ड्यात घाल. तू सांग. वास तसा नव्हता का?” ती ओट्याला टेकली आणि म्हणाली, “नकटे, मला दुकानाचा वास कधी आलाच नाही बघ. रोज सकाळी आठला आत, दिवे लागले की बाहेर. माशाला विचारलं पाण्याला वास कसला, तर तो काय सांगणार? पण हे तुझं फार गोड आहे. शेवटी साबणासारखं काहीतरी येतं.” मी म्हटलं, “अण्णा हात धुवायचे ना.” आणि ताई हसायलाच लागली. तोंडावर हात घेऊन, पोट हलेपर्यंत. “साबण! अण्णा! अगं, रॉकेल आणि लाकडाचा भुसा! ह्या हातावरून त्या हातावर चोळायचे आणि धोतराला पुसायचे. आई त्यावरून जन्मभर भांडली. साबण म्हणे!” मग हसू ओसरल्यावर, फडक्यानं ओटा पुसता पुसता, असंच सहज म्हणाली, “आणि किती शांत आहे गं ते. कुणीच नाही आत. आपल्या दुकानात कुणी नसायचं का?”

मी निघून आले. ती चहा टाकत होती, तरी निघून आले. असंच वागते मी. ताई त्याला ‘नकटीचं नाक’ म्हणते. स्टुडिओत आल्यावर कपाटातून वासांच्या कृतींच्या सगळ्या वह्या काढल्या, एकेका शिशीची एकेक. माझी पद्धत साधी आहे, आणि मला तिचा अभिमान होता. एक शिशी संपत आली की तिच्या शेवटच्या थेंबांशी नवी शिशी जुळवायची. कागदाच्या दोन पट्ट्या, एक जुन्या वासात बुडवलेली, एक नव्या, आणि दोन्हींत फरक कळेनासा होईपर्यंत थेंब थेंब घालत राहायचं. ह्या कामात मला तोड नाही, असं दुसरेही म्हणतात. पहिली शिशी मी दुकानातल्या एका जळक्या कॉइलवरून केली होती. ती कॉइल डब्यात आहे अजून, पण डबा इतक्यांदा उघडला की आता तिला डब्याचाच वास येतो. दुसरी शिशी पहिलीवरून. तिसरी दुसरीवरून. अशा अकरा. ह्यात काय चुकलं ते मला आज दुपारी, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, उभ्या उभ्या कळलं. शिशी संपत येईपर्यंत आतला वास उतरलेला असतो. दोन-अडीच वर्षं उघडझाप झालेलं वार्निश ताज्या वार्निशासारखं राहत नाही, गोडसर होतं, आंबतं. आणि मी प्रत्येक वेळी त्या उतरलेल्या वासाशी नवा वास जुळवत आले. अगदी बिनचूक! लोणचं खराब झालं की त्या खराब चवीचंच नवं घालायचं, आणि पुन्हा वर्षानं तेच, आणि वर म्हणायचं, आमच्या आईच्या हातचं.

साबण सातव्या वहीत सापडला. त्याआधी कुठंच नाही. सहाव्या आणि सातव्या वहीच्या मध्ये एक कात्रण घडी करून ठेवलेलं होतं. कुठल्याशा शहरातल्या समीक्षकानं लिहिलं होतं, ‘आणि सर्वांत शेवटी, पुसट, कामावरून घरी आलेल्या बापाच्या धुतलेल्या हातांचा साबण.’ त्यानं तो कुठून हुंगला देवाला ठाऊक. शेजारच्या बाईच्या हातांचा असेल. पण मी तो घातला. वहीत माझ्याच अक्षरात आहे, ‘साबण, दोन थेंब, पुसट.’ पुसट हा शब्दसुद्धा त्याचाच. ते घालताना मला काय वाटलं होतं? लबाडी करतेय असं वाटलं होतं का? आठवत नाही. मला वाटतं, मला आठवलं होतं. ते वाचल्यावर मला अण्णांचे धुतलेले हात खरोखर आठवले असणार, नळाखाली, फेस, बोटांच्या पेरांतला काळा. मला ते आत्ताही दिसतात. रॉकेल आणि भुसा दिसत नाही, कितीही डोळे मिटले तरी दिसत नाही, आणि जे कधी घडलंच नाही ते लख्ख दिसतं. मग बाकीचं काय? डोळे मिटून मोटार हुंगणारे अण्णा खरे, की तेही मुलाखतींत घडवलेले? स्क्रूड्रायव्हर खरा आहे, चमच्यांच्या खणात आहे. पण तो अण्णा माझ्या कानाला लावायचे, हे नक्की? की मी त्यांना तो ताईच्या कानाला लावताना पाहिलं होतं आणि पुढं कधीतरी माझा कान तिथं नेऊन ठेवला? मी कामाच्या टेबलाशी बसून राहिले आणि एकेक आठवण उचलून हुंगायला लागले, आणि सगळ्यांना शिशीचा वास यायला लागला. मला भीती वाटली. साधी, लहान मुलाला वाटते तसली. बापाची माझ्याकडे होती तेवढी पुंजी मी जुळवून जुळवून संपवली, आणि उद्या त्यावर ‘अस्सल’ म्हणून सही करायची.

मग आवाज आठवला आणि बुडत्याला काडी मिळाली. वासाचं जाऊ दे, वास उडतो, पण आवाज तर टेपवर होता! अण्णांच्या हयातीत, मी एकोणीस वर्षांची, कला महाविद्यालयात, वर्गातल्या मुलीचा टेपरेकॉर्डर मागून आणून एका सकाळी दुकानात ठेवला होता. ती हातोडी अण्णांचीच. ती खोटी कशी असेल? तेवढं तरी खरं आहे, वास काढून टाकू, आवाज ठेवू, असं म्हणत मी जवळजवळ पळतच संग्रहालयात गेले. ध्वनीचं काम बघणारे गृहस्थ खालच्या मजल्यावर असतात. कंबरेला पट्टा बांधलेले, माझ्याच वयाचे, ‘मॅडम’ म्हणताना उठायचा प्रयत्न करतात आणि निम्म्यातून परत बसतात. मी म्हटलं, मूळ टेप ऐकायचीय. ते माझ्याकडे बघत राहिले. “मूळ? पण मॅडम, मी महिन्यापूर्वी फोन केला होता ना. की मूळ चाळीस मिनिटांची आहे आणि आत एक बाई सारखी मोजत असते, ती ठेवायची का. तुम्ही म्हणालात, ती नको, साफ केलेलीच घ्या.” मला तो फोन आठवेना. मग आठवला. मी लिफ्टमध्ये होते, आवाज तुटत होता, मी ‘नको नको’ म्हणाले होते. आणि त्याच्या मागून, घरात एकामागून एक दिवे लागावेत तसं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं आठवलं. दुसऱ्या एका ध्वनिमुद्रकाची काचेची खोली, तो म्हणतोय, मध्ये मध्ये कुणीतरी पुटपुटतंय, आणि मी म्हणतेय, “त्यानं सगळा परिणाम जातो. जिथं ती गप्प आहे तेवढंच घ्या.” साडेचार मिनिटं मिळाली. तीच गोल गोल फिरवली. ह्या साडेचार मिनिटांवर जग रडलं.

“कोण होत्या त्या?” गृहस्थांनी विचारलं. मी म्हटलं, “माझी बहीण.” तार गुंडाळायच्या मशीनवरचा आकडे दाखवणारा काटा मोडला होता, म्हणून ताई तोंडानं मोजायची. अण्णांना बारीक तार दिसेनाशी झाली तेव्हा ताई पंधरा वर्षांची होती. तिची शाळा सुटली आणि ती दुकानात बसायला लागली. मी तेव्हा सहा वर्षांची, माझी शाळा नुकतीच सुरू झालेली. एका कॉइलला दोनशे ऐंशी वेढे. एक वेढा कमी-जास्त झाला तरी मोटार तापते, महिन्याभरात पुन्हा जळते. म्हणून दुकानाचा एकच कायदा होता, आकडा चालू असताना बोलायचं नाही. गिऱ्हाईक आलं की ताई उजव्या हातानं दांडा फिरवत डावं बोट वर करायची, आणि कितीही मोठा माणूस असो, दारात मुकाट उभा राहायचा. अण्णासुद्धा थांबायचे. हे सगळं मला ठाऊक होतं. कुणी हिरावून घेतलं नव्हतं, कुणी पुसलं नव्हतं. मग हे माझ्या एकाही खोलीत कसं नाही? एकाही मुलाखतीत? माझं कॉलेज, माझे रंग, माझ्या परदेशच्या वाऱ्या, सगळं ताईच्या वेढ्यांवर उभं राहिलं, आणि मी माइकपुढे आवाज खाली आणून सांगत राहिले, वडिलांनी नाक दिलं. मी ताईला फोन लावला. “येतेस का?” “आत्ता तर येऊन गेले की.” “परत ये.” “रडतेस काय गं?” “नाही.” “बरं. येते.”

ती येईपर्यंत मी वरच्या कोपऱ्यातला पंखा बंद करवला आणि शिशी काढून बूच लावलं. खोलीत नव्या रंगाचा वास राहिला, आणि मांडणी करणाऱ्या माणसांच्या कपड्यांचा. वासाचं पुढं काय करायचं ते मला अजूनही कळलेलं नाही. कदाचित भुशापासून सुरुवात करावी लागेल, कदाचित आता काहीच करता येणार नाही. ताई आली ती घाबरलेलीच आली. मी तिला त्याच स्टुलावर बसवलं, मी खाली जमिनीवर बसले, आणि गृहस्थांनी खालून मूळ टेप लावली. आधी खरखर. मग दांड्याची करकर, हातोडीची टकटक, आणि त्यांच्यावरून स्पष्ट, कंटाळलेला, सर्दी झालेला आवाज. “एकशे सोळा. एकशे सतरा. एकशे अठरा.” ताईनं माझ्याकडे बघितलं. “अगं, ही मी!” “हो.” “किती बारीक होता माझा आवाज.” आणि तेवढ्यात टेपमध्ये दुसरा आवाज आला, घाईचा, तोऱ्यातला. “ताई, मनात मोज ना गं. टेपमध्ये येतंय ते.” मला हे ठाऊक नव्हतं. ‘काढून टाका’ म्हटलेलं आठवलं होतं, पण हे नाही. “मनात मोजलं की चुकतं,” टेपमधली ताई म्हणाली. “थोडा वेळच ना! तुझ्यामुळं सगळं वाया जातंय.” दांडा थांबला. अण्णांचा आवाज आला, आत कुठूनतरी, “नकटे, आकडा चालू असताना बोलू नये.” आणि त्यावर ताई, भांडण मिटवायला पुढं होणाऱ्या मोठ्या बहिणीच्या आवाजात, “असू द्या अण्णा. बरं. मनात मोजते.”

आणि मग ती साडेचार मिनिटं सुरू झाली. मला त्यातला ठोका न् ठोका पाठ आहे. कुठं हातोडी दोनदा पडते, कुठं तार घासते, कुठं बाहेरून सायकलची घंटा वाजते. लोक त्याला वडिलांची शांतता म्हणत आले, आणि प्रदर्शनाच्या पुस्तिकेतही तसंच छापलंय. ती ताईची शांतता होती. मी सांगितलं म्हणून ती तेवढा वेळ गप्प बसली होती. तिच्या मनात आकडे पळत होते आणि माझी टेप चांगली यावी म्हणून तिनं ओठ दाबून धरले होते. मला ताईच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काही केलं नाही, तिच्याकडे बघायचंही धाडस झालं नाही. करकर थांबली. जिथं माझी खोली संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, तिथं टेप पुढं गेली. “चुकलं,” ताई म्हणाली. “किती झाले तेच कळेना.” मग अण्णा म्हणाले, अगदी मऊ, ह्या आवाजात त्यांना मी विसरूनच गेले होते, “असू दे, बाळ. उलगड. परत घाल.” तार उलगडल्याची सरसर लांबत गेली. मी एक शब्द बोललेली नाही. मी टेपमध्ये ‘चुकलं माझं’ म्हणेन म्हणून वाट बघत राहिले, पण मी काही बोललेच नाही.

“एक,” टेपमधली ताई म्हणाली. “दोन. तीन.” मी वर बघितलं. ताईनं पर्स खाली ठेवली होती. तिचा उजवा हात मांडीपाशी गोल फिरत होता, सावकाश, एका गतीनं, आणि डाव्या हाताची बोटं न दिसणाऱ्या तारेला ताण देत होती. डोळे मिटलेले. “अकरा, बारा, तेरा,” ती म्हणत होती, टेपच्या बरोबर, आपल्या आत्ताच्या जाड, थकलेल्या आवाजात, आणि दोन्ही आवाज एकमेकांच्या पुढंमागं न होता चालले होते. दार उघडलं. प्रदर्शनाच्या बाई आत डोकावल्या, हातात तो कागद आणि उघडलेलं पेन. “मॅडम, सॉरी, पण सही तेवढी...” त्या कागदावरचा ‘एकमेव’ हा शब्द आधी खोडायला हवा, ते मला आता ठाऊक होतं. मी त्यांच्याकडे न बघता डाव्या हाताचं बोट वर केलं, आणि त्या दारातच थांबल्या. मलाही ताईला खूप काही सांगायचं होतं. पण ताई नुकतीच एकवीसवर आली होती, आणि दोनशे ऐंशी व्हायला अजून बराच वेळ होता.